रुग्णवाहिका येईपर्यंत वस्तीने काय करायचे?

माणूस चालता-बोलता कोसळतो. कधी जेवता जेवता, कधी पाण्याच्या टँकरपुढच्या रांगेत, कधी भर मिरवणुकीत. भोवती गर्दी जमते. कुणी तोंडावर पाणी मारतो, कुणी कांदा फोडून नाकाशी धरतो, कुणी चप्पल हुंगवतो, कुणी "फिट आली, हातात लोखंड द्या" असे सांगतो. एखादा शहाणा मुलगा रिक्षा आणायला पळतो. रिक्षा येते, चौघे जण हातपाय धरून माणसाला आत कोंबतात आणि दवाखाना गाठतात. तिथे डॉक्टर तपासतात आणि म्हणतात, "आणायला उशीर झाला." मग पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात आपण एकमेकांना सांगतो की, त्यांचे आयुष्यच तेवढे होते.

खरोखरच आयुष्य तेवढे होते काय? हा प्रश्न आम्ही आज वाचकांपुढे ठेवत आहोत. नशिबावर हवाला टाकू नका, कारण शोधा, अशी शिकवण ज्या समाजाला मिळाली त्या समाजाने तरी हा प्रश्न टाळू नये. अशा कितीतरी मृत्यूंचे कारण विज्ञानाने शोधले आहे. त्यावरचा उपायही शोधला आहे. तो उपाय एका लहानशा पेटीत मावतो आणि ती पेटी चालवायला डॉक्टरच असावा लागतो असे नाही. प्रश्न एवढाच आहे की, ती पेटी आणि ते ज्ञान आपल्या वस्तीपर्यंत कधी पोहोचणार?

दोन वेगळ्या गोष्टी

आपण सगळ्याला सरसकट 'अटॅक आला' म्हणतो. पण यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या नीट समजून घेतल्या पाहिजेत.

पहिली गोष्ट म्हणजे हृदयविकाराचा झटका. हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणारी नळी तुंबते. छातीत दाबल्यासारखे दुखते, ते दुखणे डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत जाते, घाम फुटतो, जीव घाबरतो. स्त्रियांमध्ये आणि मधुमेह असलेल्यांमध्ये कधी कधी छाती फारशी दुखत नाही. नुसता थकवा, दम लागणे, मळमळ एवढेच जाणवते, आणि घरचे लोक 'पित्त झाले' म्हणून सोडून देतात. या अवस्थेत माणूस शुद्धीवर असतो, बोलत असतो. त्याला एका जागी बसवून, न चालवता, लवकरात लवकर मोठ्या रुग्णालयात न्यायचे असते.

दुसरी गोष्ट म्हणजे हृदय बंद पडणे. हृदय हा रक्त ढकलणारा पंप आहे, आणि त्याला ठोका देणारी स्वतःची अशी सूक्ष्म वीज असते. ती वीज एका ठरलेल्या वाटेने ठरलेल्या वेळी जाते म्हणून हृदयाचे सर्व स्नायू एकदम आकुंचन पावतात. ही व्यवस्था बिघडली की प्रत्येक स्नायुतंतू आपापल्या मनाने थरथरू लागतो. शंभर माणसे एक दोर ओढत आहेत आणि 'हैशा' म्हणणारा मुकादमच नाहीसा झाला, असे समजा. जोर सगळेच लावतात, पण दोर हलत नाही. हृदय थरथरते, पण रक्त पुढे जात नाही. माणूस काही सेकंदांत बेशुद्ध होतो, श्वास थांबतो किंवा मासा पाण्याबाहेर काढल्यावर जसा तोंड उघडतो तसे अधूनमधून आचके येतात. चार-पाच मिनिटांत मेंदूला इजा होऊ लागते.

नळी तुंबल्यामुळे ही थरथर सुरू होऊ शकते. विजेचा धक्का बसल्यानेही होते. उन्हाळ्यात ओल्या हाताने पत्र्याच्या कूलरला हात लावून माणसे दगावल्याच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो, तेव्हा पुष्कळदा हेच घडलेले असते.

या थरथरीवर औषधाची गोळी नाही. तिच्यावर एकच खात्रीचा उपाय आहे. छातीतून क्षणभर विजेचा जोरदार झटका पाठवायचा, म्हणजे सारे स्नायुतंतू एकदम गप्प होतात आणि हृदयाला आपला मूळचा ठेका पुन्हा धरण्याची संधी मिळते. हा झटका देणाऱ्या यंत्राला डिफिब्रिलेटर म्हणतात. झटका मिळायला जो उशीर होतो, त्यातल्या प्रत्येक मिनिटाला, कुणी छाती दाबत नसेल तर, वाचण्याची शक्यता शेकडा ७ ते १० ने घटते. म्हणजे दहा मिनिटे नुसती गेली की हाती फारसे काही उरत नाही.

तारांवरच्या कामगारांमुळे लागलेला शोध

या यंत्राचा इतिहास आपल्या कष्टकरी वाचकांनी अवश्य जाणून घ्यावा. १८९९ साली जिनिव्हा येथे प्रेव्हो आणि बातेली या दोघा शास्त्रज्ञांना प्राण्यांवरील प्रयोगांत असे दिसून आले की, विजेच्या लहान धक्क्याने हृदय थरथरू लागते आणि मोठ्या धक्क्याने ती थरथर थांबवता येते. पण हे ज्ञान कित्येक वर्षे कपाटात पडून राहिले.

पुढे अमेरिकेत घरोघर वीज गेली आणि खांबांवर चढणारे लाइनमन धक्का बसून मरू लागले. तेव्हा वीज कंपन्यांनी या मृत्यूंवर संशोधन करण्यासाठी पैसा दिला. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील विल्यम कौवेनहोव्हन यांनी हे काम हाती घेतले. ते डॉक्टर नव्हते, विजेचे इंजिनिअर होते. त्यांच्या प्रयोगशाळेत झटका देण्याचे जड चकतीसारखे भाग कुत्र्याच्या छातीवर दाबून धरले की रक्तदाब थोडा वाढतो, ही गोष्ट त्यांचे तरुण सहकारी गाय निकरबॉकर यांच्या लक्षात आली. या लहानशा निरीक्षणातून फार मोठी गोष्ट निघाली. बाहेरून छाती दाबूनसुद्धा रक्त फिरवता येते, हे सिद्ध झाले. कौवेनहोव्हन, जूड आणि निकरबॉकर यांनी १९६० साली ती पद्धत प्रसिद्ध केली. आज जगभर तिला सीपीआर म्हणतात.

झटक्याच्या यंत्राचीही वाटचाल याच काळात झाली. १९४७ साली क्लॉड बेक या शल्यविशारदाने शस्त्रक्रिया चालू असताना चौदा वर्षांच्या मुलाचे थरथरणारे हृदय, छाती उघडी असताना थेट झटका देऊन, पुन्हा चालू केले. १९५६ मध्ये पॉल झोल यांनी छाती न उघडता बाहेरून झटका देऊन दाखवला. पुढे १९६० नंतर बर्नार्ड लाउन यांनी अधिक सुरक्षित असा एकदिश विजेचा झटका वापरात आणला. हे लाउन पुढे अण्वस्त्रांच्या विरोधात उभे राहिले. त्यांनी सोव्हिएत डॉक्टरांच्या सोबतीने स्थापन केलेल्या संघटनेला १९८५ चे शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले.

पण ही सर्व यंत्रे रुग्णालयात होती आणि माणसे मरत होती घरी आणि रस्त्यावर. ही विसंगती उत्तर आयर्लंडमधील बेलफास्टच्या डॉ. फ्रँक पँट्रिज यांना सतावू लागली. दुसऱ्या महायुद्धात ते जपान्यांच्या कैदेत होते आणि बर्मा रेल्वेच्या कुप्रसिद्ध छावण्यांमधून जिवंत परतले होते. त्यांचा हिशेब साधा होता. रोगी यंत्रापर्यंत पोहोचत नसेल, तर यंत्राने रोग्यापर्यंत गेले पाहिजे. १९६५ साली त्यांनी गाडीच्या बॅटऱ्यांवर चालणारा डिफिब्रिलेटर तयार करून रुग्णवाहिकेत बसवला. त्याचे वजन ७० किलो होते. १९६७ मध्ये त्यांचा अनुभव 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यानंतर अंतराळ कार्यक्रमासाठी बनवलेला छोटा विद्युतसंचयक वापरून त्यांनी यंत्राचे वजन १९६८ पर्यंत सुमारे ३ किलोवर आणले.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. पँट्रिज यांच्या स्वतःच्या देशात, म्हणजे ब्रिटनमध्ये, रस्त्यावर धावणाऱ्या सर्व रुग्णवाहिकांत हे यंत्र बसवायला १९९० साल उजाडले. शोध लागून पंचवीस वर्षे लोटली होती. शोध लागला म्हणजे तो सर्वांपर्यंत पोहोचला, असे श्रीमंत देशातसुद्धा होत नाही. तो मागावा लागतो.

बोलणारी पेटी

रुग्णालयातला डिफिब्रिलेटर चालवायला हृदयाचा आलेख वाचता आला पाहिजे. ही अडचण दूर करण्यासाठी पुढे असे यंत्र निघाले की जे आलेख स्वतःच वाचते. त्याला एईडी, म्हणजे आपोआप चालणारा बाह्य डिफिब्रिलेटर, असे म्हणतात. आकाराने मोठ्या जेवणाच्या डब्याएवढे, वजनाने एक ते तीन किलोच्या आसपास. झाकण उघडले किंवा बटण दाबले की ते बोलू लागते आणि एकेक गोष्ट करायला सांगते.

त्यात दोन चिकट पट्ट्या असतात. कोरड्या, उघड्या छातीवर एक उजव्या बाजूला गळ्याच्या हाडाखाली आणि दुसरी डाव्या बाजूला काखेखाली बरगडीवर चिकटवायची. कुठे चिकटवायची त्याचे चित्र पट्टीवरच छापलेले असते. यंत्र काही सेकंद हृदयाची वीज तपासते आणि झटक्याची गरज असेल तरच सांगते. मग सर्वांनी दूर व्हायचे, रोग्याला कुणाचाही हात लागलेला नाही हे पाहायचे आणि बटण दाबायचे. झटका दिला की लगेच पुन्हा छाती दाबायला सुरुवात करायची. दोन मिनिटांनी यंत्र परत तपासते.

"आमच्याकडून चुकून झटका बसला आणि माणूस मेला तर?" असे लोक विचारतात. ज्याचे हृदय नीट चालू आहे त्याला हे यंत्र झटका देऊ देत नाही. ज्याच्या हृदयातली वीज पूर्णपणे थांबली आहे त्यालाही देत नाही, कारण तिथे झटक्याचा उपयोग नसतो. अशा वेळी ते फक्त छाती दाबत राहा, असे सांगते.

हे काम सामान्य माणसाला जमते काय, याचे उत्तर अमेरिकेतील नेवाडा राज्याच्या जुगारखान्यांनी दिले आहे. तिथे जागोजागी कॅमेरे असतात, माणूस कोसळला की लगेच दिसतो. तिथल्या सुरक्षारक्षकांना हे यंत्र चालवायला शिकवले गेले. त्याचा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. हृदय थरथरत असताना ज्यांना कोसळल्यापासून तीन मिनिटांच्या आत झटका मिळाला, त्यांतले शेकडा ७४ जण वाचून रुग्णालयातून घरी गेले. तीन मिनिटांनंतर ज्यांना झटका मिळाला, त्यांतले शेकडा ४९ वाचले. हे झटके डॉक्टरांनी दिले नव्हते, वॉचमननी दिले होते. आपल्या समाजातील किती तरुण वाळूजच्या कारखान्यांत, बँकांत आणि मोठ्या सोसायट्यांत हीच नोकरी करतात, हे वाचकांना सांगायला नको.

जपानने २००४ च्या जुलैपासून सर्वसामान्य नागरिकांना हे यंत्र वापरण्याची मुभा दिली. १२ जून २०२१ रोजी कोपनहेगनच्या मैदानावर डेन्मार्कचा फुटबॉलपटू ख्रिश्चन एरिक्सन खेळता खेळता कोसळला. जागेवरच छाती दाबली गेली, जागेवरच झटका दिला गेला, आणि तो वाचला. सगळ्या जगाने ते पाहिले. त्याच वर्षी २९ ऑक्टोबरला शेजारच्या कर्नाटकात लोकप्रिय नट पुनीत राजकुमार अवघ्या सेहेचाळिसाव्या वर्षी हृदयविकाराने गेले. त्यानंतर कर्नाटक सरकारने त्यांच्या नावाने हृदयविकाराच्या तातडीच्या उपचारांची योजना सुरू केली.

पुण्यात बनलेले यंत्र

आपल्या महाराष्ट्रातही या बाबतीत अभिमान वाटावा असे काम झाले आहे. डिफिब्रिलेटर बॅटरीवर चालतो. बॅटरी जुनी होते, महागडी असते, आणि जिथे वीज तासन्‌तास नसते तिथे ऐन वेळी दगा देते. खेड्यातल्या दवाखान्यात कपाटावर धूळ खात पडलेली यंत्रे याचीच साक्ष देतात. पुण्याच्या जीवट्रॉनिक्स या कंपनीचे आशीष गावडे आणि अनिरुद्ध अत्रे यांनी यावर उपाय काढला. त्यांनी बनवलेल्या 'सन्मित्र' नावाच्या डिफिब्रिलेटरला हाताने फिरवायचा दांडा आहे. वीज असली तर विजेवर, नसली तर दांडा फिरवून झटक्यासाठी लागणारी शक्ती तयार करता येते. हे यंत्र दवाखान्यातील डॉक्टरांसाठी आहे, वस्तीतल्या माणसाने वापरायच्या बोलक्या पेटीपेक्षा वेगळे. पण भारनियमन सोसणाऱ्या भागाची गरज ओळखून, त्याच भागासाठी यंत्र घडवले गेले, ही गोष्ट मोलाची आहे. परदेशात जे बनते ते तसेच्या तसे आणून आपला प्रश्न सुटत नाही.

पडेगावचा हिशेब

आता आपण आपल्या अंगणात येऊ. पडेगाव म्हणजे औरंगाबादच्या, आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, पश्चिमेकडची बाजू. छावणी ओलांडली की दौलताबाद-वेरूळकडे जाणाऱ्या रस्त्यावरची वस्ती. एका अंगाला भावसिंगपुरा आणि भीमनगर, पुढे मिटमिटा. मोठे सरकारी रुग्णालय म्हणजे घाटी. नकाशावर हे अंतर थोड्याच किलोमीटरांचे आहे. पण आपल्याला किलोमीटर मोजायचे नाहीत, मिनिटे मोजायची आहेत.

हिशेब मांडून पाहा. काय झाले हे कळायला एक-दोन मिनिटे. फोन करायला आणि पत्ता सांगायला दोन मिनिटे. गाडी निघून रस्त्यावरच्या गर्दीतून यायला, ती अगदी जवळ असली तरी आठ-दहा मिनिटे. गल्लीत गाडी शिरत नाही म्हणून स्ट्रेचर घेऊन चालायला आणखी दोन मिनिटे. म्हणजे सगळे सुरळीत झाले तरी पंधरा मिनिटे गेली. आणि वर आपण पाहिले की दहा मिनिटांनंतर फारसे काही उरत नाही.

याचा अर्थ १०८ ची सेवा निरुपयोगी आहे, असा कुणी घेऊ नये. २०१४ च्या जानेवारीत महाराष्ट्रात ही सेवा सुरू झाली तेव्हा ९३७ गाड्या होत्या. त्यांतल्या २३३ प्रगत जीवनरक्षक आणि ७०४ मूलभूत जीवनरक्षक स्वरूपाच्या, आणि गाडीत डॉक्टर. गरिबाला फुकट मिळणारी ही फार मोठी सोय आहे आणि फोन तर पहिल्या मिनिटाला केलाच पाहिजे. पण कितीही चांगली गाडी असली तरी ती हवेतून येत नाही. गाडी येईपर्यंतची मिनिटे शेजाऱ्यांचीच असतात. ती मिनिटे कांदा हुंगवण्यात गेली की छाती दाबण्यात गेली, यावर सगळे अवलंबून आहे.

आणखी एक गोष्ट. हृदय बंद पडण्याच्या घटनांपैकी बहुसंख्य घटना बाजारात किंवा स्टेशनवर घडत नाहीत, घरात घडतात. म्हणून पहिला हात बहुधा घरच्याच माणसाचा असतो. बायकोचा, मुलीचा, सुनेचा, शाळकरी नातवाचा. हे ज्ञान घरातल्या बायकांना आणि मुलांना नसेल, तर चौकात यंत्र टांगूनही उपयोग होणार नाही.

यंत्राच्या आधी हात

म्हणून आमचे स्पष्ट मत असे आहे की, यंत्राची वर्गणी गोळा करण्यापूर्वी हात तयार करावेत. भारतीय भूलतज्ज्ञांच्या पुढाकाराने २०१७ साली सामान्य माणसासाठी सोपी पद्धत जाहीर झाली आहे. तीत तोंडाला तोंड लावून श्वास द्यायचा नाही, केवळ छाती दाबायची. ती अशी.

एक. माणूस कोसळला की खांदे हलवून मोठ्याने हाक मारा. प्रतिसाद नाही, श्वास नाही किंवा नुसते आचके आहेत, असे दिसले की वेळ घालवू नका. हे पाहायला दहा सेकंद पुरे. विजेचा धक्का बसला असेल तर आधी मेन स्विच बंद करा, त्याशिवाय अंगाला हात लावू नका.

दोन. एकाने १०८ ला फोन करावा आणि पत्ता खुणेसकट सांगावा. गल्लीच्या तोंडाशी गाडीला वाट दाखवायला एक मुलगा उभा करावा. जवळपास एईडी असेल तर दुसऱ्याने ती आणायला पळावे.

तीन. माणसाला बाजेवरून, गादीवरून खाली घ्या आणि कडक जमिनीवर उताणे निजवा. मऊ गादीवर दाबले तर गादी दबते, छाती दबत नाही.

चार. छातीच्या मधोमध, मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर एका हाताच्या तळव्याची टाच ठेवा, तिच्यावर दुसरा हात. कोपरे ताठ ठेवून अंगाच्या भाराने दाबा. मोठ्या माणसाची छाती ५ ते ६ सेंटिमीटर खाली गेली पाहिजे. दाबले की पूर्ण वर येऊ द्या. सेकंदाला दोन, म्हणजे मिनिटाला १२० दाब.

पाच. दोन मिनिटांत हात भरून येतात. तेव्हा न थांबता दुसऱ्याने जागा घ्यावी. गाडी येईपर्यंत किंवा माणूस हालचाल करेपर्यंत थांबू नये.

हे मोठ्या माणसांसाठी झाले. लहान मुले आणि पाण्यात बुडालेले यांना श्वास देण्याचीही गरज असते, ते प्रशिक्षणात शिकून घ्यावे. बरगडी मोडेल अशी भीती बाळगू नये. मोडलेली बरगडी जुळते, थांबलेले हृदय आपोआप चालू होत नाही. आणि नुसते वाचून हे येत नाही. पुतळ्यावर हाताने करून पाहावे लागते. केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याने ६ डिसेंबर २०२३ रोजी देशभर सीपीआर शिकवण्याचा कार्यक्रम घेतला होता. म्हणजे हे शिकवणारे लोक आहेत, त्यांना आपल्या विहारात बोलावण्याचे काम आपले आहे. पाण्यावर हात ठेवायलाही ज्या समाजाला झगडावे लागले, त्याला स्पर्शाची किंमत कुणी सांगायला नको. जीव जात असलेल्या माणसाच्या छातीवर ठेवलेला हात जात विचारत नाही.

बाईमाणूस कोसळली तर

हा भाग आम्ही मुद्दाम वेगळा लिहीत आहोत. सार्वजनिक ठिकाणी बाई कोसळली तर तिची छाती दाबायला लोक पुरुषाच्या मानाने कमी वेळा पुढे येतात, असे परदेशातील अभ्यासांत आढळले आहे. आपल्याकडे संकोच त्याहून मोठा. आजूबाजूचे पुरुष मागे सरतात, 'बायकांना बोलवा' म्हणतात, आणि बायका रडत बसतात. त्यात तीन-चार मिनिटे सहज जातात.

हा संकोच आधीच बसून बोलायचा विषय आहे. महिला मंडळाने पुढाकार घ्यावा आणि दर गल्लीत निदान चार बायकांनी हे शिकावे. प्रसंग आला तर दोघींनी साडीचा किंवा चादरीचा आडोसा धरावा, तिसरीने छाती दाबावी. यंत्र असेल तर पट्ट्या उघड्या त्वचेवर लावाव्या लागतात, त्यासाठी पोलके कापावे लागले तर कापावे, गळ्यातले बाजूला सरकवावे. आणि बाई जवळ नसेल तर पुरुषाने थांबू नये. आईची, बहिणीची लाज राखण्यासाठी तिचा जीव गमावणे, यात कोणती लाज राखली जाते?

विहारात पेटी ठेवावी काय?

ठेवावी, पण समजून-उमजून. किंमत कंपनीप्रमाणे बदलते, तरी लाखाच्या आसपास धरून चालावे. रक्कम मोठी आहे. पण एका जयंतीच्या डीजेवर आणि कमानींवर किती खर्च होतो, तो हिशेबही कार्यकर्त्यांनी एकदा मांडून पाहावा. दोन-तीन वस्त्यांनी मिळून एक पेटी घेतली तरी चालेल. कारखान्यांच्या सामाजिक निधीतून, नगरसेवक आणि आमदारांच्या निधीतून मागता येईल. जवळच्या महापालिकेच्या आरोग्य केंद्रात ती असावी, अशी लेखी मागणी तर आजच करता येईल.

घेतल्यावर तीन गोष्टी पाळाव्यात. पहिली, पेटी कुलपात ठेवू नये. रात्री दहा वाजता किल्ली कुणाकडे आहे हे शोधत फिरावे लागले तर ती पेटी नसल्यासारखीच. दुसरी, एका माणसाने दर आठवड्याला पेटीवरचा दिवा पाहून वहीत सही करावी. पट्ट्यांना आणि बॅटरीला मुदत असते, ती संपण्यापूर्वी नव्या घ्याव्या लागतात, त्याची वर्गणी वेगळी काढून ठेवावी. तिसरी, मराठवाड्याच्या उन्हात तापणाऱ्या पत्र्याखाली पेटी ठेवू नये. सोबत कात्री, कोरडा टॉवेल आणि छातीवरचे केस काढायला वस्तरा ठेवावा, कारण ओल्या किंवा केसाळ छातीवर पट्टी नीट चिकटत नाही.

जिथे गर्दी जमते तिथे तर ही पेटी हवीच. धम्मचक्र प्रवर्तन दिनी औरंगाबाद लेणीच्या पायथ्याशी हजारो लोक येतात, म्हातारी माणसे पायऱ्या चढतात. १४ एप्रिलच्या उन्हात मिरवणुका तासन्‌तास चालतात. पाणपोई आणि भोजनदान करणारी मंडळे आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्यांच्या शेजारी एक पेटी आणि छाती दाबायला शिकलेले दहा तरुण उभे राहिले, तर तेही दानच होय.

पोलिसांच्या लफड्याची भीती काही जणांना वाटते. रस्ते अपघातात मदत करणाऱ्यांना संरक्षण देणाऱ्या मार्गदर्शक सूचना सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये बंधनकारक केल्या आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यातही तसे कलम आले. शेजारी कोसळला म्हणून धावून जाणाऱ्याने तर अशी भीती मनातही आणू नये.

शेवटी हेही सांगितले पाहिजे की, झटका देऊन हृदय चालू झाले म्हणजे आजार बरा झाला असे नाही. पुढचे उपचार रुग्णालयातच होतात, आणि हृदयाच्या अनेक शस्त्रक्रिया महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतात, तेव्हा रेशनकार्ड आणि आधारकार्ड घरात सापडेल अशा जागी ठेवा. त्याहूनही आधी, रक्तदाब आणि साखर तपासून घ्या. बिडी, गुटखा, तंबाखू सोडा. मिश्री लावणाऱ्या आयाबहिणींनाही हे सांगणे आहे.

येत्या पौर्णिमेला वंदनेनंतर अर्धा तास काढा. एक डॉक्टर किंवा प्रशिक्षित परिचारिका आणि एक पुतळा, एवढे पुरे आहे. आधी महिला, मग तरुण, मग आठवीच्या पुढची मुले, असे सर्वांनी हात लावून शिकावे. कोण कोण शिकले त्यांची नावे आणि फोन नंबर विहाराच्या फळ्यावर लिहून ठेवा. हा कार्यक्रम ज्या वस्त्या घेतील त्यांनी आम्हाला दोन ओळी जरूर लिहून कळवावे. इतर वस्त्यांना त्यातून वाट दिसेल.